सहावा टीशर्ट

२०१७ सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. निर्मळच्या दिवाकर वर्तकांच्या ओट्यावर पहाटे सहा गाठोडी होती. पाचांत दादरला जायच्या तगरीच्या कळ्या आणि एकात कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या जर्सी. त्यांची मुलगी संपदा संघाची कप्तान, आणि जर्सी धुऊन आणायची पाळी तिची होती. पूर्वी फुलं वेताच्या करंड्यांतून जायची, तेव्हा असला घोटाळा शक्यच नव्हता. आता सगळं जुन्या साड्यांत बांधायचं, आणि संपदाच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या, जुन्या साड्या साऱ्या सारख्याच विटलेल्या.

दिवाकररावांनी पाच गाठोडी मोजली आणि टेम्पोत टाकली. उरलेलं सहावं संपदाने उचललं. ते ओलसर लागलं, पण तिला वाटलं, थंडीत वाळले नसतील कपडे. तसंही तिच्या डोक्यात दुसरंच होतं. आज अंतिम सामना, आणि एका बँकेच्या संघासाठी मुली निवडायला सुझान मॅडम येणार होत्या. निवड झाली तर खेळ आणि नोकरी दोन्ही.

पापडीच्या मैदानावर तिने गाठ सोडली. पांढऱ्याशुभ्र कळ्या सिमेंटवर पसरल्या.

"अगो, मॅच आहे की लग्न?" संघातल्या लूर्डसने विचारलं.

संघाचे प्रशिक्षक फर्डिनंड सरांनी दिवाकररावांना फोन लावला. टेम्पो पंक्चर होऊन चिंचोटी नाक्यावर उभा होता. "मी आणतो," म्हणत सरांनी स्कूटरला लाथ मारली. "गाठोड्याच्या बाबतीत आता माझा कुणावर भरवसा नाय."

सर गेले आणि स्पर्धेच्या आशालताबाई वही घेऊन आल्या. "नऊला सामना. एका रंगाचे कपडे, पाठीवर नंबर, आणि बाकावर प्रशिक्षक. नाहीतर समोरचा संघ विजयी."

लूर्डसचं घर मागच्याच आळीत. ती धावत गेली आणि तिचा भाऊ मेलरॉय याच्या कपाटातून चर्चच्या सणाचे पिवळे टीशर्ट घेऊन आली. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'स्वयंसेवक'. त्याखाली चिकटपट्टीने नंबर लावले. पण टीशर्ट निघाले पाच. आणि परीक्षांमुळे मुली कमी आल्या असल्या, तरी होत्या सहा.

"प्रशिक्षक पण पाहिजे ना," त्या सहांतली पूर्वी हळूच म्हणाली.

सगळ्यांनी संपदाकडे पाहिलं. संपदाने कळ्यांकडे पाहिलं.

"जी प्रशिक्षक म्हणून सही करेल, ती खेळणार नाही हं," आशालताबाईंनी बजावलं.

"ठाऊक आहे," म्हणून संपदाने सही केली. सुझान मॅडम समोरच्याच खुर्चीत बसत होत्या, म्हणून सही करताना तिने मान वर केली नाही.

सामना सुरू झाला. पूर्वी चेंडू आणायला रेषेबाहेर गेली, तर एका काकांनी तिला अडवलं, "बेटा, पार्किंग कुठे?" मध्यंतरात सुरुचीकडे दोघांनी पाणी मागितलं, आणि तिने दिलंही. तरी दोन गुणांची आघाडी होती. तेवढ्यात पूर्वीचा पाचवा फाउल झाला, म्हणजे नियमाने ती बाद. ती बाहेर आली, टीशर्ट काढू लागली आणि संपदाला म्हणाली, "घाल हा. जा तू."

संपदाचा हात टीशर्टपर्यंत गेला आणि परत आला. सही झाली होती.

"चौघीच राहिलो ताई, कुणाला धरायचं?" लूर्डस ओरडली.

"कुणालाच धरू नका! चार वाफे समजा. आपापल्या वाफ्यात उभ्या राहा. दुसरीच्या वाफ्यात पाय घातलात तर तंगडं मोडीन! लूर्डस, हात वर, खाली घ्यायचे नाहीत!"

शेवटची चार मिनिटं वाफ्यांत कुणी शिरू शकलं नाही. एका गुणाने सामना जिंकला.

सुझान मॅडम उठून आल्या आणि नेमके त्याच वेळी फर्डिनंड सर घामाघूम होऊन गाठोड्यासकट पोचले. मॅडमनी त्यांचाच हात हातात घेतला. "सर, काय बचाव शिकवलाय!"

"मी?" सर धापा टाकत म्हणाले. "मी चिंचोटीला होतो."

बँकेच्या संघात पूर्वीची निवड झाली. ती आता नागपूर शाखेत आहे. लूर्डस लग्न होऊन कॅनडाला गेली. मेलरॉय अजून पाच टीशर्ट मागतो. सुझान मॅडमनी संपदाचं नाव ओळखीच्या एका शाळेला सुचवलं. तिथल्या मुलींना तिने सहा वर्षं शिकवलं आणि फर्डिनंड सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कॉलेजची मुख्य प्रशिक्षक झाली. सर हल्ली तगर लावतात.

दिवाकरराव आता प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी लावतात. गेल्या डिसेंबरात संपदाने चिठ्ठी नीट वाचून गाठोडं उचललं, मैदानावर गाठ सोडली आणि पुन्हा सिमेंटभर कळ्या पसरल्या. दिवाकररावांनी चिठ्ठ्याच उलटसुलट लावल्या होत्या.

"ताई, आता?" मुली घाबरल्या.

"आता काय? टीशर्ट शोधा," संपदा बाकावर बसत म्हणाली. "आणि मला मोजू नका. मी खेळत नाही."