फाटकाबाहेरच्या अध्यक्ष

अस्मिताने पद्मजाबाईंना भर जिन्यात 'काकू' म्हटलं आणि तिथून सगळं बिघडलं.

तसं त्यात खोटं काही नव्हतं. पद्मजाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, अस्मिता पस्तिशीची. पण ती नुसती वरच्या मजल्यावरची शेजारीण नव्हती. नारायण पेठेतल्या त्या चौदा बिऱ्हाडांच्या सोसायटीत ती यंदा अध्यक्षपदाला उभी होती, पद्मजाबाईंच्या विरुद्ध. आणि म्हणाली काय, तर "काकू, आता जरा विश्रांती घ्या. चेहऱ्यावर थकवा दिसतो हो." नऊ वर्षं अध्यक्षपद भोगलेल्या बाईला हे ऐकवल्यावर ती विश्रांती घेईल, की आरशासमोर जाईल?

आरशाने अस्मिताची बाजू घेतली. हनुवटीवर तारुण्यपीटिका, गालांवर वांगाचे डाग आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. तारुण्य आणि म्हातारपण एकाच चेहऱ्यावर पोटभाडेकरू होऊन राहिले होते आणि जागा सोडायला दोघेही तयार नव्हते.

न्हाणीघरात मुलाच्या तीन बाटल्या पडून होत्या. राजस नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा मागे टाकून गेलेल्या. पद्मजाबाईंच्या घरात आजवर काही वाया गेलेलं नव्हतं. शिळ्या पोळीचा कुस्करा होई, जुन्या चादरीचं पायपुसणं होई. त्यांनी मुलाला फोन लावला.

"राजस, तुझ्या बाटल्यांवरची तारीख पुढच्या महिन्यात संपतेय."

"मग टाकून दे ना, आई."

"टाकायला काय झालं? कुठली कशाला, तेवढं सांग."

"एक पिंपल्ससाठी, एक डार्क स्पॉट्ससाठी, एक रिंकल्ससाठी."

"पंचविसाव्या वर्षी तुला सुरकुत्या?"

"प्रिव्हेन्शन असतं गं ते! पण ऐक, तिन्ही एकदम लावू नकोस. एका रात्री एकच. स्किन ड्राय झाली तर ब्रेक घ्यायचा. आणि सकाळी सनस्क्रीन मस्ट."

"रोज एकच लावली तर संपायच्या कधी? हे कंपनीवाले शिकवतात आणि तुम्ही ऐकता."

"आई, इट्स सायन्स!"

"मी एमएस्सी आहे. मला सायन्स शिकवू नकोस."

एमएस्सी संख्याशास्त्रातली होती; पण असल्या बारीकसारीक गोष्टी पद्मजाबाई मध्ये येऊ देत नसत.

सुरुवातीला त्यांनी मुलाचं ऐकून पाहिलं. पुळ्यांच्या औषधाने कातडी सुकली आणि सुरकुत्या ठळक झाल्या. सुरकुत्यांच्या मलमाने कातडी तेलकट झाली आणि पुळ्यांना नवी भावंडं आली. डागांचं औषध लावून त्या मंडईत भर उन्हात कोथिंबिरीचा भाव करत उभ्या राहिल्या, तेव्हा डाग होते त्याहून गडद झाले. सनस्क्रीन त्यांनी आणलंच नव्हतं. ऊन फुकट मिळतं, ते अडवायला कोण पैसे घालणार?

निवडणुकीचा रविवार उजाडला. चारला गच्चीवर सभा होती. दुपारी पद्मजाबाईंनी तिन्ही बाटल्या एका वाटीत उपड्या केल्या, आपलंही काहीतरी असावं म्हणून वर बेसन घातलं, लिंबू पिळलं आणि ते सगळं तोंडावर थापलं. धुतल्यावर त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बघा जरा. कसं दिसतंय?"

श्यामसुंदरांनी डोळे उघडले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दुपारची झोप. पण अध्यक्षांच्या घराची बेल दुपारीच वाजते. कोणाला पाणी आलेलं नसतं, कोणाच्या स्कूटरपुढे दुसऱ्याची स्कूटर असते. आणि बेल वाजली की पद्मजाबाई आतून म्हणत, "अहो, बघा कोण आहे." नऊ वर्षं ते बघत होते.

"लाल," ते म्हणाले.

"लाल म्हणजे तेज आलंय?"

"लाल म्हणजे लाल."

पाच मिनिटांत तेजाची आग व्हायला लागली. पापण्या सुजल्या, गाल टरारून फुगले. पद्मजाबाईंनी तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये धाव घेतली. घाईत मोबाईल टेबलावरच राहिला. मलम घेऊन त्या परतल्या तेव्हा चारला दहा मिनिटं होती. फाटक बंद होतं.

ते फाटक ही पद्मजाबाईंची थोर कामगिरी. बुधवार पेठेतून त्यांनी चेहरा ओळखणारं यंत्र आणवलं होतं. चौदा बिऱ्हाडं एकमेकांना पाठमोरीसुद्धा ओळखतात, तिथे यंत्र कशाला, असं अस्मिताने विचारलं होतं. तेव्हापासूनच ती डोळ्यांत खुपत होती. यंत्राखाली पाटी होती: 'यंत्राने ओळखल्याशिवाय प्रवेश नाही. रखवालदाराशी हुज्जत घालू नये. आपण कोण आहात हे त्याला सांगू नये, त्याला त्यात रस नाही.' मजकूर अर्थातच अध्यक्षांचा.

पद्मजाबाईंनी स्कार्फ सोडून तोंड पुढे केलं. यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि म्हणालं, "अनोळखी व्यक्ती."

"कोंडीराम, फाटक उघडा!"

रखवालदार कोंडीराम खुर्चीवरून उठला, फाटकाच्या गजांतून निरखून पाहून हसला. "न्हाई उघडत, बाई."

"मला ओळखलंत ना?"

"आवाज तर तुमचाच हाय."

"मग?"

"मागल्या महिन्यात तुम्ही असंच तोंड बांधून, काळा चष्मा घालून आला हुता. मी आवाजावर सोडलं. मग समद्यांम्होरं मला पाटी वाचाय लावली. 'परीक्षेत नापास झालात' म्हनाला." त्याने समाधानाने मान हलवली. "या टायमाला फसायचो न्हाई. पर रंग झ्याक लावलाय बरं का."

"अहो, रंग नाही, जळलंय ते! चारला सभा आहे माझी!"

"त्या वक्ताला बी असंच म्हनाला हुता, 'घरात दूध उतू जातंय.'"

आता एकच मार्ग होता. यंत्र अनोळखी माणसाचा फोटो घरच्या मोबाईलवर पाठवतं. घरच्यांनी 'ओळखतो' दाबलं की फाटक उघडतं. उमेदवाराच्या घरच्यांनी सभेला येऊ नये, असा नियम असल्यामुळे श्यामसुंदर घरीच होते. पद्मजाबाईंनी आपल्या घराचा क्रमांक दाबला. फोटो गेला.

यंत्र म्हणालं, "सभासद आपल्याला ओळखत नाहीत."

पद्मजाबाईंनी पुन्हा दाबलं. या वेळी उत्तर आधीपेक्षा लवकर आलं, तेच.

"बगा," कोंडीराम हळहळला, "घरनंच नकार आला."

"दुसऱ्या कोणाला तरी फोन लावा!"

"समदे गच्चीवर. सभंत मोबाईल बंद. तुमचाच नियम न्हवं का?"

नकारावर दाद अध्यक्षांकडे मागायची सोय होती. ती दाद पद्मजाबाईंच्याच मोबाईलवर जाई आणि तो टेबलावर पडला होता. गच्चीला हाका मारून पाहाव्यात, तर तोंड उघडलं की कातडी ताणून भगभगायची. 'ऊन टाळा' असं मेडिकलवाल्याने बजावलं होतं, आणि फाटकापाशी पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर येत होतं.

पाचच्या सुमारास सभासद जिना उतरले. सगळ्यांत पुढे अस्मिता होती, हातात पेढ्यांचा पुडा. उमेदवार वेळेवर हजर नसेल तर त्याचा अर्ज बाद, हाही पद्मजाबाईंचाच नियम. मतदानाची वेळच आली नव्हती. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या सुजलेल्या लाल चेहऱ्याकडे अस्मिताने एकदाच पाहिलं.

"कोंडीराम, सोडा त्यांना आत. आपल्या काकू आहेत त्या."

नव्या अध्यक्षांचा हुकूम म्हणून फाटक उघडलं. पेढा नको म्हणायलाही पद्मजाबाईंना तोंड हलवता आलं नाही.

घरी श्यामसुंदर कॉटवर बसले होते. शेजारी साजूक तुपाची वाटी काढून ठेवलेली होती.

"अहो, माझा फोटो आला होता तुमच्या मोबाईलवर," पद्मजाबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"दोनदा आला."

"इतका वाईट झालाय का चेहरा? तुम्हीसुद्धा ओळखलं नाहीत?" नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

श्यामसुंदरांनी तुपात बोट बुडवलं आणि हलक्या हाताने त्यांच्या गालाला लावलं. "अठ्ठावीस वर्षं बघतोय तुला. कपाळावरची आठी जागेवर होती. लगेच ओळखलं."

पद्मजाबाईंच्या सुजलेल्या पापण्या होतील तेवढ्या उघडल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. सवयीने दोघांनीही दाराकडे पाहिलं. पण बेल वरच्या मजल्यावर, अस्मिताच्या घरी वाजली होती. जिन्यात कोणीतरी ओरडत होतं, "अध्यक्ष, पाणी आलं नाही हो आम्हाला!"

श्यामसुंदरांनी तुपाची वाटी बायकोच्या हातात दिली, पंखा एकाने वाढवला आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले.