बकासुर आणि चैत्रगौर

श्रीपाद कारखानीसने बदलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात साडेसात फुटी प्रकाशशिल्प उभं केलं, आणि ते दारातून बाहेर निघत नाही हे त्याला शेवटचा डबा जोडल्यावर कळलं. अंबरनाथच्या कारखान्यात हा माणूस ड्राफ्ट्समन. दिवसभर मिलिमीटर मोजतो. घरचं दार मात्र मोजायचं राहिलं. आता काय बोलायचं!

शिल्पाचं नाव 'उपभोग'. तेलातुपाचे, बिस्किटांचे रिकामे डबे जोडून केलेला, आ वासलेला ढेरपोट्या माणूस. पोटात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले दोनशे रंगीत बल्ब. बटण दाबलं की उजेड तोंडातून पोटात उतरायचा, पसरायचा आणि विझायचा. माणूस पुन्हा उपाशी. ब्याण्णव साल होतं, दुकानं नव्या नव्या पाकिटांनी भरत चालली होती आणि श्रीपादला त्याचा भयंकर राग होता.

मुंबईच्या एका कलासंस्थेने अकरा वर्षं त्याची कामं परत पाठवली होती. यंदा शिल्पच बाहेर निघेना, म्हणून परीक्षक चौबळ स्वतः घरी येणार होते. हे हुकलं तर हत्यारं कायमची माळ्यावर टाकायची, असं श्रीपादने मनाशी पक्कं केलं होतं.

चौबळांनी शुक्रवारची संध्याकाळ कळवली. नेमकं त्याच शुक्रवारी पद्मजाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. श्रीपादने बायकोला ते पुढे ढकलायची विनंती केली.

"तुमचे परीक्षक एक, माझ्या बायका बत्तीस," पद्मजा म्हणाली. "'येऊ नका' असं कुणाकुणाला सांगू?"

मग खोलीची वाटणी झाली. एका कोपऱ्यात 'उपभोग', दुसऱ्यात गौरीची आरास. पायऱ्यांवर करंज्या, चकल्या, कमळासारखं कापलेलं कलिंगड, पातेलंभर कैरीची डाळ. बायका जमल्यावर श्रीपादला घरात थारा नव्हता. इस्त्रीचा झब्बा घालून तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला.

आता, चैत्रगौरीच्या आराशीत लोक पुराणातले देखावे मांडतात. वरच्या मजल्यावरच्या उमाकाकूंचं तरी काय चुकलं? आ वासलेलं ते धूड पाहून त्या म्हणाल्या, की यंदा पद्मजाने बकासुर केलाय वाटतं, आणि बिचाऱ्याला असा उपाशीच ठेवलाय! ओटीतले मूठभर भिजवलेले हरभरे त्यांनी त्याच्या तोंडात घातले. त्या बिल्डिंगमध्ये उमाकाकू जे करतात ते बाकीच्या करतात. बाराव्या मुठीला हरभरे, पाण्यासकट, पोटातल्या तारांवर पोचले.

फट्कन आवाज झाला. बल्ब गेले, पंखा गेला, मग अख्खी बिल्डिंग गेली. मीटरच्या खोलीची किल्ली वायरमन नाथाच्या खिशात होती आणि नाथा चामटोलीला लग्नाला गेला होता.

श्रीपाद धावत आत आला. अंधारात चाचपडत त्याने तारेची पिन उपटली, बकासुराच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि हरभरे उपसायला लागला. त्याला रडू येत होतं, आणि बत्तीस बायकांसमोर रडायचीही सोय नव्हती. पद्मजाने समया लावल्या, निरांजनं मांडली. अंधारात स्वयंपाकघरात कोण जाणार, म्हणून बायकांनी आराशीतलंच उचलून खायला सुरुवात केली.

अशा वेळी चौबळ दारात उभे राहिले.

श्रीपाद फ्यूजबद्दल काहीतरी सांगायला लागला. चौबळांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते आराशीकडे बघत होते. समयांच्या उजेडात करंज्यांचे ढीग उतरत होते, बायका हसत खात होत्या, वर गौर शांत बसली होती. चौबळ पाच मिनिटं हलले नाहीत.

"उजेड, अन्न आणि माणसं," ते शेवटी म्हणाले. "खाणारे खातात आणि रचना बदलत जाते. कारखानीस, फार मोठं काम आहे हे. कोपऱ्यातल्या त्या भंगाराची तेवढी गरज नव्हती."

श्रीपादने मुठीतले ओले हरभरे इस्त्रीच्या झब्ब्याच्या खिशात टाकले.

"माझ्या बाजूने निवड झाली म्हणा," चौबळ म्हणाले. "काम तुमचंच ना?"

अकरा वर्षं श्रीपाद याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने बकासुराकडे पाहिलं नाही, बायकोकडेही पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला.

खोलीत कुणी चावेना. उमाकाकूंनी तोंड उघडलं, ते पद्मजाने डोळ्यांनीच मिटवलं. मग तिने वाटीत डाळ घेतली, चौबळांच्या हातात दिली आणि अगदी गोड आवाजात नवऱ्याला म्हणाली, "अहो, साहेबांना नीट सांगा ना. डाळीला फोडणी कशाकशाची दिलीत?"

चौबळांनी वाटी खाली ठेवून वही उघडली. श्रीपादने डाळीकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि दर चैत्रात त्याने ती तीन-तीनदा मागून घेतली होती.

"फोडणी..." तो म्हणाला, आणि हळूच उमाकाकूंकडे बघायला लागला.

उमाकाकू छताकडे बघत होत्या.