डाव्या पॅडचा पट्टा

त्या रविवारी मी थोरल्याचा सामना बघायला जायचं ठरवलं, आणि तेही त्याला न सांगता. आमच्या घरात निर्णय बायको घेते आणि मला कळवते, त्यामुळे वर्षातून एखादा निर्णय माझ्या हातून झाला की मला उगाचच छाती फुगल्यासारखं वाटतं. तशी ती त्या सकाळी फुगली होती.

मला दोन मुलगे. थोरला पंधराचा. क्लबाच्या हॉकी संघात गोलकीपर. घरात त्याला सगळे ‘दादू’ म्हणतात. धाकटा नऊ वर्षांचा, त्याच क्लबाच्या लहान गटात आहे. त्याच्या हातात स्टिक आली की चेंडूला काही होत नाही, बाकीच्यांच्या नडग्या मात्र सुजतात. लहानांचा सराव रविवारी सकाळी असतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दादूचे सामने नेमके त्याच वेळी. बायको नर्स आहे, तिला रविवारी हमखास ड्यूटी. म्हणजे धाकट्याला नेणं-आणणं माझ्याकडे. दोन वर्षांत दादूचा एकही सामना मी पाहिला नव्हता.

पण म्हणून माझा काही वाटा नव्हता असं समजू नका. गोलकीपरचं सामान क्लबाचं असतं: दोन मोठे पॅड, छातीचं कवच, हेल्मेट, ग्लोव्ह्ज. सामन्यानंतर ते घरी न्यायचं, वाळवायचं आणि पुढच्या खेपेला परत आणायचं. या सामानाला जो वास येतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही. (बायकोने सांगितला होता. “अहो, घरात काही मेलंय का बघा,” म्हणाली होती.) तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते जीव लावून करू लागलो. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कोणी कधी शाबासकी देत नाही. पण ओल्या फडक्याने आतून पुसून, ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ऊन टाळून, पंख्याखाली दर वीस मिनिटांनी कूस बदलून पॅड कसे वाळवावेत यात माझा हात कोणी धरणार नाही. डाव्या पॅडचा पट्टा तुटला तेव्हा मी माझ्या जुन्या ऑफिस बॅगेचा तपकिरी पट्टा कापून तिथे शिवला. चार वेळा सुई बोटात गेली.

आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं, कारण त्या वेळी दादू गॅलरीत माझ्याशेजारी बसून बोलायचा. पंधराव्या वर्षी मुलं आठवड्यातून जेमतेम सात वाक्यं बोलतात; त्यातली सहा त्या गॅलरीत, मला मिळायची. “आज तीन अडवले, बाबा. एक तर उजव्या पायाने, अगदी शेवटच्या मिनिटाला.” सोमवारी मी ते ऑफिसात सांगायचो. तीनाचे पाच व्हायचे. शिपाईसुद्धा चहा ठेवताना विचारायचा, “काय साहेब, काल किती अडवले?”

तर त्या रविवारी लहानांच्या सरांना ताप आला आणि सराव रद्द झाला. दादू बॅग उचलून निघून गेल्यावर मी धाकट्याला म्हटलं, “चल, दादूचा सामना बघू. त्याला चकित करू.”

“नको,” तो म्हणाला. “माझं पोट दुखतंय.”

“मोकळ्या हवेत बरं वाटेल.”

“डोकंपण दुखतंय.” मी बूट घालू लागलो तसा त्याचा गुडघा दुखायला लागला. दारात पोचेपर्यंत दातही. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, “बाबा, आपण घरी पत्ते खेळू ना. मी मुद्दाम हरतो.”

(एवढं ऐकून कोणत्याही शहाण्या माणसाने कान टवकारले असते. मला वाटलं, पोरगं भावावर जळतंय.)

आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता. पायऱ्यांवर तुरळक माणसं होती. एका किडकिडीत गृहस्थाशेजारी जागा मिळाली, त्यांच्या मांडीवर चहाचा थर्मास होता. मी आधी गोलपोस्टकडे पाहिलं. हेल्मेटची जाळी, छातीवर कवच, पायांत पॅड. माणूस म्हणून काहीच दिसत नव्हतं. पण डाव्या पॅडवर तपकिरी पट्टा दिसला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझा पट्टा!

“दादू!” मी उठून ओरडलो. “शाब्बास, दादू!”

अजून त्याने काही केलं नव्हतं. गोलपोस्टजवळ नुसता उभा होता. पण उभा काय झकास होता! धाकट्याने माझा शर्ट ओढला. मी त्याचा हात झटकला.

“तो गोलकीपर,” मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. “माझा मुलगा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. “तुमचा?”

“थोरला. लहानपणापासून असाच. आईने भिरकावलेली चप्पल कधी लागली नाही त्याला. पायाने अडवायचा.”

“हो का?” म्हणून त्यांनी थर्मास उघडून झाकणात चहा ओतून घेतला.

तेवढ्यात समोरचा पोरगा चेंडू घेऊन एकटाच आत घुसला. गोलकीपर पुढे झेपावला, आडवा झाला आणि तपकिरी पट्ट्यावर आपटून चेंडू बाहेर गेला. मी काय काय ओरडलो ते मला आठवत नाही. “दादू, दादू” करत मी त्या गृहस्थांना मिठी मारली हे आठवतं, कारण त्यांचा चहा माझ्या पाठीवर सांडला.

“पाहिलंत?” मी म्हणालो. “तो पट्टा मी शिवलाय. माझ्या हाताने!”

गृहस्थ रुमालाने माझी पाठ पुसू लागले. फार हळू आवाजात, माझीच चूक माझ्यापासून लपवायची असावी तसं, ते म्हणाले, “पट्टा तुमचाच असेल हो. मुलगा माझा आहे.”

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली. गोलकीपरने हेल्मेट काढलं. आत कुरळ्या केसांचा, उंच, अनोळखी पोरगा होता.

“दादू तिकडे आहे,” धाकटा म्हणाला. आता तो खरंच रडत होता. “मला शपथ घातली होती त्याने.”

मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंचं बाक होतं. त्यावर सगळ्यात शेवटी, पायाशी ती मोठी रिकामी बॅग घेऊन, दादू बसला होता. तिथपर्यंत माझा आवाज नीट पोचत असणार. बाकावरची मुलं माझ्याकडे बघत होती. दादू तेवढा बघत नव्हता. तो बॅगेची चेन लावत होता, उघडत होता, पुन्हा लावत होता.

आयुष्यात मी पुष्कळ वेळा फजीत झालोय, त्याचं मला काही वाटेनासं झालंय. पण त्या दिवशी फजिती माझी झाली आणि मान खाली गेली ती त्याची. हे मला आजही सहन होत नाही.

सामना संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. संघ जिंकला. त्या पोराने आणखी दोन अडवले, आणि मी टाळ्या वाजवल्या, कारण पोरगा खरंच चांगला होता. तेच तर वाईट होतं.

घरी जाताना बॅगेचा एक बंद मी धरला, एक दादूने. धाकटा पुढे चालत होता.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“नऊ आठवडे. त्या एका सामन्यात सहा गोल खाल्ले ना, त्यानंतर.”

मला तो सामना आठवत होता. मी ऑफिसात सांगितलं होतं, सहा अडवले म्हणून.

“मग दर रविवारी सांगायचास ते?”

“ते खरंच असायचं, बाबा. त्याने अडवलेले. मी नीट मोजून ठेवायचो.”

“आणि बॅग? ती त्याच्या घरी जायला हवी ना?”

दादूने बंद दुसऱ्या हातात घेतला. “मीच सरांना म्हटलं, आमच्याकडे राहू दे. बाबा छान वाळवतात.” थोडं चालून तो म्हणाला, “बॅग गेली असती तर तुम्ही रविवारी गॅलरीत काय केलं असतं?”

नऊ आठवडे मी दुसऱ्याच्या मुलाचा घाम पुसत होतो आणि माझा मुलगा शेजारी बसून माझं मन राखत होता. मला रस्त्यातच रडू आलं. धाकटा मागे वळून म्हणाला, “बाबा, लोक बघतायत,” तेव्हा मी नाक शिंकरलं.

संध्याकाळी बायको आली. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. “तो स्वतः सांगेल म्हणून थांबले होते,” ती म्हणाली. “तुम्ही एवढे खूश असायचात, त्याला तोंडच उघडवेना.” मग माझ्या शर्टाची पाठ बघून म्हणाली, “हा चहा कसला?”

मी ठरवलं, बॅग त्या गृहस्थांच्या घरी पोचवायची, आणि सोमवारी ऑफिसात खरं सांगायचं. (ऑफिसातलं अजून राहिलंय. शिपायाला मी सध्या “बरे अडवले” एवढंच सांगतो.) बॅग मात्र मी दुसऱ्याच दिवशी पोचवली. गुरुवारी दाराची बेल वाजली. दारात ते गृहस्थ, खांद्यावर बॅग, चेहरा कसनुसा.

“रागावू नका,” ते म्हणाले. “पॅड उन्हात वाळवले. आतला फोम कडक झालाय. वास तर विचारूच नका, बायकोने मलाच बाहेर काढलंय. सर म्हणाले, तुमच्याकडेच ठेवा.”

आता रविवारी मी पुन्हा गॅलरीत बसतो. दादू शेजारी असतो. ग्लोव्ह्जमध्ये बोळे कोंबतो, फारसं बोलत नाही; मीही किती अडवले ते विचारत नाही. परवा मी पॅडची कूस बदलत असताना तो एकदम म्हणाला, “बाबा, आपल्या घरातून मुख्य संघात तुमची एकट्याचीच निवड झालीय.”

त्या सामन्यानंतर तो पहिल्यांदा हसला होता, म्हणून मीही हसलो. म्हटलं, “मग? पक्की जागा आहे माझी!”

“पक्की नाही,” तो म्हणाला. “सर म्हणालेत, आधी फोम मऊ होतोय का बघू.”