बिनपाण्याच्या एकशे एक सुऱ्यांची हकीकत

प्रथम अग्नीस नमन, मग ऐरणीस, मग भात्यास. आणि ज्यांनी जन्मात लिंबू चिरले नाही त्या सरदारांस शेवटी, लांबूनच. शके सतराशे ब्याण्णव. संवत्सराचे नाव ज्योतिष्यांत एकमत न झाल्यामुळे कोरे ठेविले आहे. ते साली एक राज्य होते आणि त्या राज्यास पूर्वी सरहद्द होती, आणि सरहद्दीवर रान तोडून राहणारे लोक कमरेस दीड हात लांबीचा सुरा बाळगीत, त्यानेच फाटे तोडीत, त्यानेच कातडे सोलीत, प्रसंग पडल्यास माणूसही. पुढे शेजारच्या राज्याशी सोयरीक झाली, सरहद्दीवर पेरूच्या बागा लागल्या, आणि शंभर वर्षे कोणी कोणावर चालून आले नाही. मग सरदार हैबतराव यांस पराक्रमाची आठवण झाली. पराक्रम पणजोबांचा, आठवण यांची. त्यांनी दरबारात आज्ञा केली की जुन्या सुऱ्यांसारखे हुबेहूब एकशे एक सुरे घडवावे आणि सरहद्दीचा म्हणून ठरविलेल्या दिवशी आम्ही सर्वांनी ते रयतेदेखत फळीवर फेकून दाखवावे, म्हणजे रक्त जागे होईल. आणि सर्वांनी माना डोलाविल्या, कारण मानेस दुसरे काम नव्हते.

मग राजपंडित विसोपंत यांनी दप्तरातून जुना कागद काढिला. त्यात ओळ होती, ‘सुरा घडल्यावर चांगले पाणी द्यावे.’ पंतांनी तीन दिवस विचार केला आणि अर्थ लाविला की घडलेल्या सुऱ्यावर रोज सकाळी, तुळशीस घालतात तसे, तांब्याभर पाणी घालावे. तसा हुकूम सुटला आणि काम सटवाजी लोहाराकडे आले. सटवाजीच्या घराण्याची छाप चंद्रकोरीची, आणि कोर असलेला कोयता म्हटला की गिऱ्हाईक धारेवर बोटही फिरवीत नसे. तो हुकूम ऐकून दरबारात आला आणि बोलता झाला, “सरकार, पाणी देणं म्हंजे आंघोळ घालनं न्हवं. पातं लाल तापवायचं आन् पाण्यात बुडवायचं, तवा त्ये कडक हुतंय. न्हाईतर वाकतंय.”

विसोपंत हसले. “सटवाजी, तुला अक्षर येत नाही आणि तू मला अर्थ शिकवतोस?”

“तुमास्नी लोखंड येत न्हाई, पंत.”

तेव्हा हैबतरावांस राग आला आणि ते म्हणाले, “झिलई केलेले पाते आगीत घालून काळे करणार? आम्हांस सुरा मिरवायचा आहे, तव्यासारखा चुलीवर ठेवायचा नाही. आणि प्रत्येक पात्यावर तुझ्या बापाची कोर उठव. नाही उठवलीस, तर भाता सरकारजमा.”

(येथे चार ओळी पुसल्या आहेत. सरदारांची स्तुती होती. गेली ते बरे.)

मग सटवाजी घरी गेला आणि त्याची बायको भागाई म्हणाली, “उठवा की कोर. त्येंच्यानं काकडी चिरायची न्हाई, त्येंचा सुरा वाकला काय आन् ऱ्हायला काय.”

“वाकला की म्हनतील, सटवाजीचं काम. बापाचं नाव जाईल.”

“आन् भाता गेल्यावर काय फुंकून काम करनार?”

“तू हायेस की. तुज्या तोंडात दम लई हाय.”

भागाई हसली नाही, पण पाती घडून झाल्यावर ऐरण गाडीत चढविण्यास पहिला हात तिनेच लाविला. आणि सटवाजीने एकशे एक पाती हुकुमाप्रमाणे बिनपाण्याची, परंतु बिनकोरीची, वाड्यावर टाकिली आणि भाता सोडून तो पेरूच्या बागांकडे निघून गेला. सरदार मंडळींनी मग पात्यांस मीठ-लिंबू चोळून गंज आणिला, म्याने जुनी दिसावी म्हणून उकिरड्यात पुरिली, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले.

सरहद्दीचा दिवस आला. हैबतरावांनी मिशीस पीळ दिला आणि सुरा फेकिला, आणि सुरा फळीस लागून पडवळासारखा वाकला आणि खाली पडला. मग दुसऱ्या सरदाराचा, मग तिसऱ्याचा. लोक तोंडावर पदर घेऊन हसू लागले. तेव्हा हैबतराव गरजले, “पहा सटवाजीची लबाडी.” गर्दीत पेरू विकणारी एक बाई होती, तिने टोपलीतला कोयता वर धरिला आणि म्हणाली, “सटवाजीची कोर ही अशी असती, सरकार. तुमच्या सुऱ्यावर कुटं हाय?”

हैबतरावांनी विसोपंतांकडे पाहिले, आणि विसोपंतांनी, वाकलेले सुरे सटवाजीचेच ठरावे म्हणून, दुसऱ्या लोहाराकडून सुऱ्यांच्याच लोखंडाची कोर उठविण्याची छाप घडविली आणि पंधरा दिवस तिजवर रोज तांब्याभर पाणी घातले. मग चव्हाट्यावर सुरा ऐरणीवर ठेवून, वर छाप धरून, हैबतरावांनी स्वहस्ते घण मारिला. छाप चेपली. “पुन्हा धरा,” म्हणाले. पुन्हा चेपली. दहाव्या सुऱ्यापर्यंत तिची कोर सपाट झाली, तरी ते एकशे एकपर्यंत मारीतच राहिले, आणि एकशे एक पात्यांवर एकशे एक डाग उठले. कोर एकही नाही.

एवढे घडले, तेवढे लिहिले. डाग हे शौर्याचे चिन्ह असे दप्तरी लागले. सटवाजीस भाता परत मिळाला नाही. तो उसन्या भात्यावर कोयते करितो, त्यांस पाणी देतो, आणि मग कोर उठवितो.