कंट्रोल नंबर चार

इंदूरमध्ये मला हरवून दाखवा, अशी पैज मी कुणाशीही लावायला तयार असते! पन्नासहून जास्त वर्षं झाली मला मिरजेहून या गावात येऊन. आज जिथे मॉल आहे तिथे पूर्वी कुठला पिंपळ होता, तेही सांगेन. म्हणून माझी नात कस्तुरी जेव्हा म्हणाली, "आजी, चौथ्या कंट्रोलवर उभं राहायला माणूस हवंय," तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "माणूस कशाला? मी आहे ना!"

कंट्रोल म्हणजे काय, ते आधी सांगते. कस्तुरी दर रविवारी सरकारी शाळेतल्या मुलांना ओरिएंटियरिंग शिकवते. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र, आणि कुणालाही न विचारता ठरलेल्या जागा ओळीने शोधत जायचं. त्या जागा म्हणजे कंट्रोल. तिथे केशरी-पांढरा झेंडा असतो. मुलांनी आपल्या कार्डाला झेंड्याला बांधलेल्या चिमट्याने भोक पाडायचं, की पुढे पळायचं. पूर्वी झेंडे झाडाला बांधत. पण हे इंदूर, देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर! इथे रस्त्यावर लोंबणारी चिंधी कुणी सुखाने लोंबू देईल? सूर्य वर येईपर्यंत सगळे झेंडे सुक्या कचऱ्यात! म्हणून झेंडे धरायला आम्ही म्हाताऱ्या.

त्या रविवारी जिवावरचा प्रसंग होता. होकायंत्रं एका कॉलेजातून मागून आणलेली, ती परत द्यायची वेळ आली होती. नमकीनवाले अशोकजी वर्षभराचा खर्च उचलायला तयार होते, पण अट घालून.

"काकीजी, मैं खुद घूम के देखूँगा. बच्चे अपने दम पे पहुँचे तो हाँ. किसी ने रस्ता बताया तो राम-राम!"

म्हणजे वर्ग बंदच म्हणा ना! इंदूरमध्ये रस्ता न सांगणं? इथे पत्ता विचारला की लोक सांगत नाहीत, नेऊन सोडतात!

पण मी कडक बंदोबस्त केला. "कुणाशी बोलायचं नाही, हसायचं नाही," असं मैत्रिणींना बजावलं. फोनवर गप्पा नकोत म्हणून सगळ्यांचे मोबाइल गोळा करून शाळेत ठेवले. सगळ्यात वर माझा.

अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत, कडुलिंबाखाली, झेंडा धरून मी द्वारपालासारखी उभी राहिले. समोर पोह्यांचा ठेला. तिथे जिलेबी खाणारा एक स्कूटरवाला माझ्याकडे बघत होता.

"माताजी, जत्थे से छूट गईं क्या?"

नियम म्हणजे नियम! मी झेंडा आणखी ताठ धरला.

"बोल भी नहीं रहीं," तो पोहेवाल्याला म्हणाला. "घबरा गई हैं."

"मैं खोई नहीं हूँ भिया!" मी ठणकावलं. "मैं कंट्रोल नंबर चार हूँ!"

पोहेवाल्याने झारा खाली ठेवला. "धूप चढ़ गई बिचारी को. ऐसेइच झंडे वाली एक बस अभी निकली है, महेश्वर की. तू छोड़ आ भिया, पोहे के पैसे मत देना."

मी ओरडले, झेंडा नाचवला. जितकी ओरडले तितकी लोकांची दया वाढली! दोन बायकांनी मला उचलून स्कूटरवर बसवलं, एकीने पाण्याची बाटली दिली, आणि निघालो! गावाबाहेर राऊला पोहोचलो, तर बस निघून गेलेली. मला वाटलं, सुटले. पण तो इंदुरी माणूस! "टेंशन मत लो माताजी, मानपुर तक नहीं छोड़ूँगा बस को!" त्याने पोहेवाल्याला फोन करून तसं कळवलंसुद्धा.

हायवेवर, एका हाताने त्याचा शर्ट आणि दुसऱ्याने झेंडा धरून बसले असताना मला माझे नवे दिवस आठवले. नवी नवरी मी, हिंदीचा गंध नाही, आणि सराफ्यात एकटी चुकले. एका सराफाने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि गल्लोगल्ली ओरडत मला फिरवलं, "किसकी बहू है, भई?" घर सापडेपर्यंत तो माणूस हलला नाही. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून या स्कूटरवाल्यावर रागावायला काही जीभ वळेना.

मानपूरला बस दिसली. त्यातल्या यात्रेकरूंच्या म्होरक्या सुमनबाई बऱ्हाणपूरच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "बाई, तुम्ही आमच्या नाही. पण आलाच आहात, तर चला महेश्वरला!"

तेवढ्यात स्कूटरवाल्याचा फोन वाजला. पोहेवाला इतक्या मोठ्याने ओरडला की अख्ख्या बसने ऐकलं, "अरे वापस ला! वो सच में कंट्रोल नंबर चार हैं!"

परत आले तर कडुलिंबाखाली जत्रा! सगळी मुलं तिथेच अडकलेली. चौथं भोक पडल्याशिवाय पाचव्या जागेकडे जायचं नाही, हा नियम. मी तोंड लपवून कस्तुरीला म्हणाले, "बुडवलं गं मी तुला!"

"तू नुसती ऐक," ती म्हणाली.

मी नसताना लोक मुलांना विनवत होते, "बेटा, पूछो तो सही, दादी कहाँ गई!" आणि मुलं कानावर हात ठेवून, "अंकल, बताना मत! नियम है!" शेवटी अशोकजी आले. त्यांनी सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या छोट्या उर्वीला विचारलं, "यहाँ तो कुछ है ही नहीं. खड़ी क्यों है?"

उर्वीने होकायंत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. "जगह सही है अंकल. दादी गलत है."

अशोकजींनी कपाळाला हात लावला. झेंडा बघून तर कुणीही पोहोचेल. इथे झेंडा नव्हता, माणूस नव्हतं, आणि पोरांचा घोळका बरोब्बर एकाच झाडाखाली! वर्षभराचा खर्च तिथेच कबूल झाला, आणि नव्या होकायंत्रांतलं पहिलं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "काकीजी, जरूरत तो आपको है."

पुढच्या वेळी कस्तुरीने माझ्या गळ्यात पाटी अडकवली : 'मैं खोई नहीं हूँ. कृपया घर न पहुँचाएँ.' शेवटचं मूल भोक पाडून पळालं आणि तोच स्कूटरवाला आला. त्याने पाटी मोठ्याने वाचली, मान हलवली आणि म्हणाला, "माताजी, खोए हुए सब येइच बोलते हैं. बैठो."

या वेळी मात्र मी त्याचं नाव आधी विचारलं. यशोधन. आणि मग बसले. खरं सांगू? पाय दुखत होते!