शिवलेला शेवट

मी एका मेलेल्या बाईला रहस्यकथेचा शेवट सांगून टाकला. बाई मेलेली आहे हे मला ठाऊक होतं आणि शेवट सांगायचा नाही हेही ठाऊक होतं. तरी सांगितला. तोंड माझं आहे, त्याला इलाज नाही.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या बाळाप्पांची बायको, गौराक्का. मी शहापुरात बिऱ्हाड केलं त्याच्या आधीच ती वारली होती. मी तेव्हा बेळगावात मास्तरकी करायचो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायचो. म्हणजे सुरू करायचो. ट्रंकेत अशा बऱ्याच कादंबऱ्या पडून होत्या. त्यातल्या एकीचाही नायक लग्नापर्यंत पोचला नव्हता आणि हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, कारण प्रत्येकीचं पहिलं प्रकरण मी साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं होतं.

बाळाप्पा विणकर. त्यांची मागाची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक मातीची भिंत. पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज आला, "रगत बघ गं, उंबऱ्यापतोर आलंय!" मी अनवाणीच बाहेर पडलो आणि गल्लीतले चार जण गोळा करून आत घुसलो. आत आप्पा एकटेच. नाकावर चष्मा, हातात गुप्तहेर मार्तंडरावांचं पुस्तक. माझ्याबरोबर आलेले चौघे माझ्याकडं बघून हसत परत फिरले. त्यांना सवय होती.

"मास्तर, खून पुस्तकात झालाय," आप्पा म्हणाले. "तू आपली चप्पल घालून ये जा."

खोलीत दोन माग होते. एक आप्पांचा. दुसऱ्यावर निळं लुगडं अर्धं विणून तसंच राहिलेलं, आडवा दोरा नेणारा धोटा सुतात ठेवलेला, जणू बाई चुलीवरचं दूध उतरवायला उठली आहे. आप्पा रोज दिवेलागणीला त्या मागासमोर बसून मोठ्यानं वाचत. परिच्छेद संपला की थांबत. ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणावं, एवढंच थांबत. मग पुढं.

मी रोज जाऊन बसू लागलो. एकदा जागा नव्हती म्हणून दुसऱ्या मागाच्या बैठकीवर टेकलो. आप्पांनी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "ऊठ रं. तिच्या मांडीवर बसलायस." मी असा उठलो की डोकं तुळईला आपटलं. खरं सांगतो, ती बैठक उबदार होती. उन्हाची तिरीप पडत असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या बाजूला खिडकीच नव्हती, हे नंतर ध्यानात आलं.

मी मास्तर असल्यानं आप्पांची अभिरुची सुधारावी म्हणून खडेबाजारातून नवी नवी पुस्तकं आणून दिली. त्यांनी सगळी वाचली आणि विणकराच्या मापानं मोजली. एका सामाजिक कादंबरीबद्दल म्हणाले, "लई रडली रं ही बाई. एवढ्या पाण्यात दोन ताण्यांचं सूत भिजलं असतं." एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल, "काठ जरीचा, अंगात झोल." एका देशभक्तीच्या पुस्तकात म्हणे एकही लबाड माणूस नव्हता. "मग गोष्ट कुणाच्या जिवावर चालायची?" शेवटी प्रत्येकावर एकच शिक्का, कानडीतला: "साकु!" पुरे झालं.

मार्तंडरावांच्या पुस्तकालाही 'साकु' असे, पण वेगळ्या जागी. शेवटचं प्रकरण आलं की आप्पा 'साकु' म्हणून पुस्तक मिटत, सुई घेत आणि उरलेली पानं रेशमानं शिवून टाकत. फळीवर अशी शिवलेली पुस्तकं ओळीनं उभी होती. खुनी कोण, हे त्यांतल्या एकाचंही आप्पांना माहीत नव्हतं.

"आप्पा, हे काय हो?"

"ती गेली तवा एकच प्रकरण राहिलं होतं. म्हणाली, डोळं मिटाय लागल्यात, उद्या ऐकतो." आप्पांनी दोरा दातानं तोडला. "शेवट कळला की ऐकणारं माणूस उठून जातंय रं. विणकर माग कधी मोकळा सोडतोय व्हय? जुन्या ताण्याची, उभ्या सुताची, टोकं ठेवायची आणि नवा ताणा त्याला सांधायचा. मी पुस्तकाला पुस्तक सांधतोय."

हे सगळं ऐकून, समजून, डोळे पुसून मी निपाणीला बहिणीकडं गेलो. तिथं बाजारात मार्तंडरावांचं नवं पुस्तक दिसलं. वर छापलं होतं: 'मालेतील अखेरचे पुष्प'. येताना सर्व्हिस मोटारीत तंबाखूच्या बोदांवर, त्या गोणपाटी गठ्ठ्यांवर बसून, शिंकत शिंकत मी ते सगळं वाचलं. उतरलो तो तडक आप्पांच्या खोलीत.

"आप्पा, घात झाला! मार्तंडराव मेले! त्यांच्या मित्रानंच विष घातलं! माला संपली!"

आप्पांचा हात जिथल्या तिथं थांबला. दुसऱ्या मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात पायानं दाबायची पावडी एकदा करकरली. कुणी पाय उचलून घेतल्यावर वर येते तशी ती हळूच वर आली. धोटा सुतावरून घरंगळला आणि जमिनीवर पडला. आम्ही दोघेही जागचे हललो नव्हतो.

"गेली," आप्पा म्हणाले.

ते मला बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून भिंतीपलीकडं ना माग वाजला, ना खून झाला. मी भिंतीला कान लावून बसायचो. घरात माणूस असून घर एवढं गप्प असतं, हे मला पहिल्यांदा कळलं. मग कुणीतरी सांगितलं, आप्पांनी सुताराला बोलावलंय, दुसरा माग उखडून न्यायला.

सुतार यायच्या आदल्या संध्याकाळी मी कोऱ्या कागदांची चवड घेऊन आत शिरलो. धोटा उचलून सुतात ठेवला आणि बैठकीकडं तोंड करून बसलो.

"मार्तंडराव मेले नव्हते," मी कोऱ्या कागदावरून वाचायला लागलो. "विष त्यांनी ओळखलं होतं. निपाणीच्या एका वखारीत, तंबाखूच्या बोदाखाली, त्यांनी डोळे उघडले..."

आप्पा भिंतीला टेकून बसले होते, माझ्याकडं न बघता. मी वखारीत दोन प्रेतं टाकली. त्यातलं एक कुणाचं, ते मलाच आठवेना. मार्तंडरावांची डाव्या गालावरची खूण उजव्यावर गेली. परिच्छेद संपला की थांबत होतो. शांतता. पुढं. पुन्हा शांतता. शेवटी वखारीला आग लावावी म्हणून मी थांबलो तेव्हा खड्ड्यात पावडी करकरली. एकदा. जरा थांबून पुन्हा एकदा.

आप्पा सरसावून बसले. म्हणाले, बाहेर जाऊन सुताराला येऊ नको म्हणून सांग. ते मी गल्लीतूनच ओरडून सांगितलं आणि धावत परत आलो.

लेखक माणूस मी, राहवतंय कुठलं? "आप्पा," मी विचारलं, "बरं जमलंय का हो?"

आप्पांनी मान तिरकी करून दुसऱ्या मागाकडं कान दिला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"ती म्हणतीया, लई भिकार हाय," ते म्हणाले. "पर तुला शेवट जमतच न्हाय, तेवढं बरं हाय."