उंबऱ्यातून बघणाऱ्या विमलताई

विमलताई कुणाच्याही घरी आल्या की उंबऱ्यातच थांबायच्या. "या ना आत" म्हटलं तरी यायच्या नाहीत. घरात लहान मूल असलं, की तिथूनच त्याच्याकडे एकटक बघत राहायच्या. पापणी लवायची नाही, चेहऱ्यावर हसू नाही. मग एकदम मान हलवायच्या, चपला काढून आत यायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे. चहा टाक."

आम्ही तेव्हा बनारसला नवीन होतो. ह्यांची बँकेतली बदली रामनगरच्या शाखेत झाली होती. पण बालाजी घाटामागच्या गल्लीत मराठी घरं आहेत म्हणून सासूबाईंनी इकडेच जागा घ्यायला लावली. आमची लेक सई नुकती धरून उभी राहायला लागली होती. विमलताई पहिल्यांदा आल्या आणि तिच्याकडे अशा काही बघत राहिल्या, की त्यांची पाठ वळल्याबरोबर सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

हा प्रकार घरमालकिणीला कळला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "अरे, सिस्टरजी नज़र नहीं लगातीं," ती म्हणाली, "साँस देखती हैं."

विमलताई घाटालगतच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, पण आजोबांच्याही आधीपासून बनारसला. त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की कुठे काय संपतं ते कळू नये. "पोराला हात लावला की ते रडतं," त्यांनी मला एकदा समजावलं. "रडलं की मग साँस कळत नाही. म्हणून आधी दूरनं बघायचं. छाती कशी हलते, रंग कसा आहे, आईकडे बघतंय की नाही. हात नंतर."

रडणाऱ्या मुलावर त्या खूश असायच्या. मूल घसा फोडून रडत असलं, आई कासावीस झालेली असली, की विमलताई समाधानाने म्हणणार, "वा. आवाज एकदम साफ आहे."

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला होता. "शू झाली का?" हा प्रश्न त्या कुठेही विचारायच्या. एका मुंजीत पंगत बसली असताना त्यांनी तो पंगतीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला विचारला. एकदा भाजीबाजारात त्यांनी मला लांबून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "सईची शू कशी होतेय? पिवळी की साफ?" भाजीवाल्याने माझ्या पिशवीत दुधी घालता घालता थांबून उत्तराची वाट पाहिली.

कुणाचं मूल भाजलं की आमच्या गल्लीत निळी शाई लावायची पद्धत होती. शेजारच्या शास्त्रीबुवांच्या नातवाच्या हातावर गरम दूध सांडलं, तेव्हा शास्त्रीबुवा दौत घेऊन धावले. विमलताईंनी नातवाला उचलून नळाखाली धरलं आणि एका हाताने शास्त्रीबुवांची दौत लांब सारत राहिल्या. "थंड पाणी, बुवा. अजून. अजून." त्या झटापटीत शाई बुवांच्या सोवळ्यावर सांडली. पोराचा हात बरा झाला. सोवळं कायमचं निळं झालं.

पण विमलताई नेहमी बरोबरच असायच्या असं नाही. घाबरटपणा त्यांच्या अंगातच होता. एका लग्नात त्यांना मांडवाच्या कोपऱ्यात एक छोटा मुलगा दिसला. ओठ निळे, जीभ निळी. विमलताईंनी इकडे तिकडे पाहिलं नाही. पोर उचललं, रिक्षात बसल्या आणि निघाल्या. मागून मुलाची आई धावतेय, तिच्यामागे नवऱ्या मुलाचा बाप, त्याच्यामागे बँडवाले. चौकात रिक्षा थांबली तेव्हा मुलाने मूठ उघडून विमलताईंना एक जांभूळ दिलं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "पण जांभूळ निघालं ते चांगलंच झालं ना? नसतं निघालं तर?"

हे 'नसतं तर' त्यांच्या डोक्यात सतत चाललेलं असायचं. गल्लीतल्या बायका त्यांना दुरून येताना पाहून पोरांना आत घ्यायच्या. मलाही वाटायचं, बाई चांगली आहे, पण भेटली की आपला जीव उगाच खालीवर करून जाते.

मग तो जून आला. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, अशी वाहत होती, की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. सईला जुलाब सुरू झाले. विमलताई संध्याकाळी आल्या, उंबऱ्यातून बघितलं, आत आल्या. त्यांनी पाणी उकळून गार करायला लावलं, त्यात जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी कालवून दाखवली. "वाटीने नाही, चमच्याने. एक चमचा, जरा थांब, पुन्हा एक. उलटी झाली तर थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा सुरू. अंगावर पीत असेल तर तेही बंद करायचं नाही." सासूबाई आणि मी आळीपाळीने चमचा धरून बसलो. सई थोडी हुशार वाटली. सकाळी हे रामनगरला निघून गेले.

ऊन चढलं तशा उलट्या सुरू झाल्या. चमचा आत, चमचा बाहेर. मग उलट्या थांबल्या आणि मला बरं वाटलं. सई शांत पडून होती. मी सासूबाईंना म्हटलं, "लागला डोळा एकदाचा."

विमलताईंची त्या दिवशी सुट्टी होती. त्या आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ह्या वेळी लगेच आत आल्या.

त्यांनी सईच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. पिठाच्या गोळ्याला चिमटा घ्यावा तशी घडी तिथेच राहिली आणि हळूहळू बसली. डोळे खोल गेले होते. त्यांनी सईच्या तळपायावर टिचकी मारली. सईने डोळे अर्धे उघडले, पण ती रडली नाही. चमचा ओठाला लावला तर पाणी गालावरून ओघळलं.

"शू कधी झाली?"

मला आठवेना. सकाळपासून झालीच नव्हती.

"ही झोपली नाही," विमलताई म्हणाल्या. "सुस्त पडली आहे. चल. आत्ता."

मी पैसे, कपडे, बाटली असं काही गोळा करायला लागले. त्यांनी सईला माझ्या हातात दिलं आणि मला दाराकडे ढकललं. घरमालकिणीने वरून सांगितलं, की चौकात सकाळपासून गाड्या अडकल्या आहेत, रिक्षा निघणार नाही. विमलताई गर्रकन वळल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या. तापलेल्या दगडांवरून मी अनवाणीच त्यांच्यामागे गेले. चप्पल घालायची राहिली होती, हे मला नावेत बसल्यावर कळलं.

इंजिनाच्या नावेचा माणूस सावलीत पडला होता. "खोलो भैया," विमलताई म्हणाल्या. त्याने सईकडे पाहिलं आणि काही न विचारता दोर सोडला.

त्या नावेतला वेळ मी कधी विसरणार नाही. विमलताईंनी पदर गंगेत बुडवून तो आमच्या दोघींवर छतासारखा धरला होता. सारख्या सईशी बोलत होत्या. "सई, ए सई. ती बघ म्हैस. बघ, म्हैस पाण्यात बसली." आणि मध्येच मला, "तिचं नाव घे. गप्प बसू नको." मी नाव घेत राहिले. इंजिन खोकत होतं. घाट इतक्या सावकाश मागे सरकत होते, की मला वाटलं नाव जागेवरच उभी आहे.

त्यांच्याच रुग्णालयात विमलताई माझ्यापुढे पळत सुटल्या. डॉक्टर आले, आणखी एक सिस्टर आली. हाताला शीर सापडेना. विमलताईंनी सईचा पाय घट्ट धरला आणि म्हणाल्या, "इथे बघा, इथे मिळेल." तिथेही मिळाली नाही. शेवटी डॉक्टरांना डोक्यावर मिळाली. सलाईनची बाटली टांगली गेली. थेंब पडायला लागले आणि आम्ही त्या थेंबांकडे बघत बसलो.

किती वेळ गेला ठाऊक नाही. सईने ओठ वाकडे केले. मग एक बारीक, चिरकी किंकाळी फोडली. थोड्या वेळाने दुपटं ओलं झालं. आयुष्यात ओल्या दुपट्याला मी पहिल्यांदाच छातीशी धरलं.

विमलताईंना सांगायला वळले, तर त्या तिथे नव्हत्या. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना चहा दिला होता आणि कप बशीवर खडखड वाजत होता.

"ताई, ती रडली," मी म्हणाले. "शूसुद्धा झाली."

"कळलं. ऐकलं इथून." त्यांनी कप खाली ठेवला. "मला दर वेळी असंच होतं गं. लोक म्हणतात आदत होते. मला नाही झाली." मग म्हणाल्या, "पोर वाचलं की घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटतं. कुलूप उघडते, तेव्हा आठवतं, की सांगायला कुणी नाही. मग भात लावते."

"आमच्याकडे येत जा," मी म्हटलं.

त्या खरंच यायला लागल्या. ड्युटी संपली की अधूनमधून सरळ आमच्याकडे. चपला काढता काढताच सांगायच्या, "तो न्यूमोनियावाला आज घरी गेला. आईच्या कडेवर बसून केळं खात गेला." सासूबाई आधी गप्प ऐकायच्या. मग त्याच पोळ्या लाटता लाटता विचारायला लागल्या, "विमल, आज कोण घरी गेलं?"

थंडीत एकदा त्या आल्या आणि कोण घरी गेलं ते त्यांनी सांगितलंच नाही. सासूबाई विचारणार तेवढ्यात मी मानेनेच नको म्हटलं. चहा पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. भिंतीला टेकून गादीवरच्या सईकडे बघत बसल्या.

"घेऊ का हिला जरा?"

"झोपलीय, ताई."

"म्हणूनच. जागी असली की येत नाही माझ्याकडे. कुणाचंच पोर येत नाही. सुईवाली ना मी."

मी सईला पांघरुणासकट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिला फार सांभाळून धरलं. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला. बाहेर घाटावर घंटा सुरू झाल्या, त्या आवाजाने सई चाळवली. तिने डोळे उघडून वर पाहिलं. आता ही भोकाड पसरणार म्हणून मी पुढे झाले. सईने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या शालीत तोंड खुपसलं आणि पुन्हा झोपली.

चहावर साय धरली होती. "गरम करून देऊ?" मी विचारलं.

"राहू दे," विमलताई अगदी हळू म्हणाल्या. "हात मोकळा नाही."